तोल एकट्याने सांभाळायचा नसतो
(वाशिम इथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाशिममध्ये घोडा म्हटला की आपल्याला वरात आठवते. शो जम्पिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याचा खेळ, तुमच्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिला असेल. तरी आज मी त्याच खेळाबद्दल बोलणार आहे. आपल्या घराघरांत एक वाद होतो, तो सोडवायला हा खेळ मदत करतो. मुलगा किंवा मुलगी नववीतून दहावीत जाते आणि अब्बू म्हणतात, "आता खेळ बंद. आधी दहावी." मूल म्हणतं, "मी दोन्ही करीन." मग कुणीतरी एक रुसतं, आणि बहुतेक वेळा खेळ सुटतो.

आधी खेळ समजून घेऊ. मैदानात दहा-बारा अडथळे ठरावीक क्रमाने मांडलेले असतात. त्यांचे आडवे दांडे आधारावर नुसते टेकवलेले असतात. घोड्याचा पाय लागून दांडा पडला की ४ दोष. घोडा अडथळ्यापुढे अडला तरी ४ दोष. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर आणखी दोष, आणि स्वार पडला तर तो बाद. ज्याचे दोष सगळ्यांत कमी, तो पुढे. आंतरराष्ट्रीय नियमांत १४ ते १८ वर्षांच्या स्वारांचा वेगळा ज्युनियर गट असतो. म्हणजे ऐन दहावी-बारावीचं वय.

आता या खेळातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट सांगतो. स्पर्धा सुरू होण्याआधी स्वार घोडा बाहेर ठेवून मैदानात पायी फिरतो. दोन अडथळ्यांमधलं अंतर स्वतःच्या पावलांनी मोजतो. घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची धरून, इथे किती ढांगा बसतील, कुठे वेग आवरायचा, हे ठरवतो. शिकणाऱ्या स्वाराबरोबर त्याचा प्रशिक्षकही फिरतो. घोड्यावर बसल्यावर विचाराला सवड नसते, म्हणून हिशेब आधी केलेला असतो. तिकडे तबेल्यात मोतद्दार असतो, नालबंद असतो, जनावरांचा डॉक्टर असतो. आणि जाणता प्रशिक्षक घोड्याला रोज उंच उड्या मारायला लावत नाही. मेहनतीचे दिवस आणि विश्रांतीचे दिवस आधीच ठरलेले असतात.

म्हणजे घोड्यावर एकटं दिसणारं ते मूल खरं तर एकटं नसतं. त्याचा तोल चार माणसांनी मिळून सांभाळलेला असतो.

आता माणसांची उदाहरणं घेऊ. बंगळुरूचा फवाद मिर्झा १९९२ साली जन्मला. त्याचे वडील घोड्यांचे डॉक्टर. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याने इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक रौप्य जिंकलं आणि संघालाही रौप्य मिळालं. इव्हेंटिंगमध्ये तीन परीक्षा असतात आणि शेवटची शो जम्पिंगची असते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जम्पिंगच्या पहिल्या फेरीत त्याला ८ दोष मिळाले, तरी तो अंतिम फेरीत गेला आणि २३वा आला. त्याच्याआधी ऑलिम्पिकमध्ये घोड्यावर दिसलेला भारतीय होता आपल्या मुंबईचा इम्तियाज अनीस, सिडनी २०००. मध्ये वीस वर्षं कुणीच नाही. त्याही आधी, १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत गुलाम मोहम्मद खान यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक रौप्य आणि संघाचं सुवर्ण मिळवलं होतं. आणि २०२३ साली केरळची निदा अंजुम फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटरची लांब पल्ल्याची घोडदौड पूर्ण करून आली.

ही नावं ऐकून बरं वाटतं. कुरआनच्या शंभराव्या सूरहचं नावच अल-आदियात, म्हणजे धावणारे घोडे. घोडा आपल्याला परका नाही. पण नावं मोजून थांबू नका, त्यांच्या मागे कोण उभं होतं तेही बघा. फवादच्या घरात घोड्यांचं ज्ञान होतं. निदाच्या घरच्यांची ऐपत होती. गुलाम मोहम्मद खान सैन्यात होते, घोडाही सरकारी आणि प्रशिक्षणही सरकारी.

दुसरीकडे बघा. माथेरानमध्ये पर्यटकांना घोड्यावर फिरवून कितीतरी घरं चालतात. आपल्याकडे लग्नसराईत वरातीचा घोडा घेऊन बापाबरोबर पोरगाही निघतो. घोडा कशाने बुजतो, कधी थकतो, हे त्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. पण रात्री बारा वाजता वरात संपवून आलेलं पोर सकाळी सातच्या शाळेत कसं बसणार? त्याला आपण "अभ्यासात लक्ष नाही" म्हणतो. घोडा दोघांकडेही आहे. एकासाठी शाळा आणि सराव यांची सांगड मोठ्यांनी घालून दिली, दुसऱ्याला ती कुणी दिलीच नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, "दोन्ही झेपेल का?" हा प्रश्न मुलालाच विचारून मोकळे होऊ नका. तुमची काळजी खोटी नाही. पाय मोडला तर खेळ थांबतो, दहावीचं प्रमाणपत्र कायम राहतं. शाळा सोडून खेळ करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण खेळ बंद केल्याने ते तास अभ्यासालाच जातात, असंही नाही. ते मोबाइलला जातात, हे तुम्हीही पाहता.

मग करायचं काय? मैदानात पायी फिरायचं. खेळ कबड्डी असो, धावणं असो की कुस्ती, वर्षाच्या सुरुवातीला मूल, पालक, वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक यांनी एकत्र बसावं. स्पर्धा कोणत्या महिन्यात, चाचण्या कधी, हे एका कागदावर लिहावं. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळातल्या कामगिरीसाठी सवलतीचे गुण मिळतात, स्पर्धेच्या पातळीप्रमाणे, जास्तीत जास्त २५. पण त्यासाठी खेळ आणि स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते, आणि शाळेकडून प्रस्ताव वेळेत जावा लागतो. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून गुण मिळत नाहीत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, नियम विचारा, अर्जाची पोच घ्या. सीबीएसईच्या शाळेत असाल आणि बोर्डाच्या परीक्षेच्या तारखेला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली, तर वेगळ्या दिवशी परीक्षा देण्याची सोय आहे. पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यातही आपला खेळ बसतो का, ते आधी विचारून घ्या. हे आपले हक्क आहेत. मागायला लाजू नका.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. मुलाचा खेळ दहावीमुळे बंद होतो. मुलीचा आठवीतच बंद होतो आणि कारण सांगितलं जातं, "आता मोठी झाली." शो जम्पिंगमध्ये स्त्री-पुरुष एकाच मैदानात, एकाच उंचीवर, एकाच नियमाने उतरतात. ऑलिम्पिकमध्ये ही परवानगी स्त्रियांना १९५६ साली मिळाली आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या पॅट स्माइथने संघाबरोबर कांस्यपदक नेलं. तोवर बायकांना हे झेपणार नाही असं समजलं जायचं. अडचण परवानगीची होती. आपल्या मुलीला कपड्यांची, येण्याजाण्याची, सोबतीची अडचण असेल तर ती सोडवू या. अडचण सोडवण्याऐवजी मुलगीच मैदानातून काढून घेणं हा उपाय नाही.

आणि मुलांनो, तुमच्याकडूनही एक हवं. मोठ्यांनी कागदावर वेळ ठरवून दिली तर ती पाळा. सराव झाला की पुस्तक उघडा. दांडा पडला तर स्वार घोडा थांबवून रडत बसत नाही, पुढच्या अडथळ्याकडे बघतो. एका चाचणीत गुण कमी पडले म्हणून वर्ष सोडू नका, एका स्पर्धेत हरलात म्हणून खेळही सोडू नका.

जाताना तो कागद करायचं ठरवून जा. या वर्षाच्या परीक्षा, या वर्षाच्या स्पर्धा, आणि खाली तीन सह्या: मुलाची, पालकांची, शिक्षकांची. वरातीच्या घोड्यामागे चालणारा एखादा पोरगा तुमच्या मोहल्ल्यात असेल, तर त्याचाही कागद तुम्हीच करून द्या. त्याच्या घरी हे सांगणारं कुणी नसेल.