मरिया ह्या नांवाचा वारसा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पवित्र मरियेच्या नामाच्या सणाच्या दिवशीं, ता. १२ सप्टेंबर रोजीं, धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ह्या महोत्सवाच्या सभेंत कोणत्या विषयावर बोलावें ह्याचा विचार करीत असतां मीं आपल्या स्नानसंस्काराच्या जुन्या वह्या उघडल्या. पन्नास वर्षांच्या त्या पानांत एक नांव मला वारंवार भेटलें; मात्र दर वेळीं निराळ्या वेषांत. कोठें ‘मरिया’, कोठें ‘मारिया’, कोठें ‘मेरी’, तर कोठें अगदीं आपल्या मराठवाड्याच्या थाटांत ‘मरियाबाई’. हें नांव आपल्या दारीं आलें कोठून, आणि आपण त्याचें पुढें काय करणार, ह्या दोन गोष्टींविषयीं आज बोलणार आहें.

आरंभीं माझीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक तरुण जोडपें लेंकीच्या स्नानसंस्काराची नोंद करावयास माझ्याकडे आलें. बरोबर मुलीची आजी होती. नात ‘मरिया’ व्हावी अशी आजीची फार इच्छा. बापाचें म्हणणें असें कीं, शाळेंत, कचेरींत, भाड्याचें घर शोधतांना, नांव सांगतांच लोक आपणांस दोनदां न्याहाळतात. तें ओझें ह्या लहानगीवर कशाला? मीं रागानें विचारलें, “देवमातेच्या नांवाची लाज वाटते काय?” बाप मान खालीं घालून बसला. म्हातारी मात्र शांतपणें म्हणाली, “फादर, नावाची लाज न्हाई. लेकराची काळजी हाय.”

मी वरमलों. ज्या नांवासाठीं मी रागावलों, त्याची पुरती ओळख तरी मीं ह्या लोकांना कधीं करून दिली होती काय? आज तें ऋण थोडेंसें फेडूं पाहतों.

हिब्रू भाषेंत ह्या नांवाचें रूप ‘मिर्याम’ असें आहे. मराठी बायबलांत जुन्या करारांत ‘मिर्याम’ आणि नव्या करारांत ‘मरिया’ छापलेलें असतें. त्यामुळें वाचणाऱ्यास हीं दोन नांवें वाटतात. वस्तुतः नांव एकच. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत मोशेच्या बहिणीचें नांव ‘मरियाम’ असें येतें, आणि संत लूकही नाझरेथच्या कुमारिकेला बहुधा ह्याच रूपानें संबोधितो. पुढें लॅटिनमध्यें त्याचें ‘मारिया’ झालें, आणि इंग्रजींत ‘मेरी’.

अर्थाविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. कोणी त्यांत कडूपणा पाहतात, कोणी बंड, तर कोणी मिसर देशाच्या भाषेंतून ‘प्रिय’ असा अर्थ काढतात. संत जेरोम ह्यांनीं लॅटिनमध्यें ‘स्तिल्ला मारिस’, म्हणजे समुद्राचा थेंब, असा अर्थ दिला होता. नकला करतां करतां एका अक्षराच्या फेरानें त्याचें ‘स्तेल्ला मारिस’, म्हणजे समुद्राचा तारा, झालें असें मानतात. तारा जगभर गाजला आणि थेंब मागें पडला. परंतु आपण धाराशिवकडील माणसें! आपणांस ताऱ्याहून थेंबाचें मोल अधिक कळतें.

आणि पाहा, ह्या नांवाची सारी कथा पाण्याच्या कांठानेंच चालते. नील नदीच्या लव्हाळ्यांत तान्ह्या मोशेची पेटी तरंगत असतां दूर उभी राहून राखण करणारी बहीण ती मिर्यामच, अशी परंपरा आहे. तांबड्या समुद्रापलीकडे हातीं डफ घेऊन सर्व स्त्रियांना नाचत गात नेणारी तीच. त्या गीतानंतर तीनच दिवसांनीं लोक मारा येथें पोंचले, आणि तेथलें पाणी कडू निघालें. पुढें गणनेच्या पुस्तकांत तिच्या मृत्यूची वार्ता एका ओळींत येते, आणि लगेच पुढची ओळ सांगते कीं लोकांना पाणी उरलें नाहीं. ह्यावरून यहुदी गुरुजनांनीं असें शिकविलें कीं, रानांत लोकांबरोबर जी विहीर चालत होती ती मिर्यामच्या पुण्याईची होती.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, आणि २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें हें ज्यांना आठवतें, त्यांना ह्या दोन ओळींचा संबंध समजावून द्यावयास नको. आपल्याकडेही घराचें पाणी बायकांच्याच डोक्यावरून आलें. जी बाई हंडा घेऊन कोसभर चालली, तिच्या नांवाचा हिशेब कोणीं ठेवला? शास्त्रानें एकीचा ठेवला आहे.

आपल्या प्रभूच्या काळीं हें नांव यहुदी स्त्रियांत अत्यंत प्रचलित होतें. हेरोद राजाची एक राणीही ह्याच नांवाची. तिला त्यानेंच ठार करविलें. शुभवर्तमानांत मग्दालाची मरिया आहे, बेथानीची मरिया आहे, क्लोपाची मरिया आहे. म्हणजे देवानें आपल्या पुत्राच्या मातेसाठीं राजवाड्यांत राखून ठेवलेलें नांव निवडलें नाहीं. हांक मारली तर चार बायकांनीं वळून पाहावें, असें नांव निवडलें. नाझरेथच्या ह्या मरियेच्या मुखींही, पहिल्या मिर्यामप्रमाणेंच, बलवंतांना खालीं आणणाऱ्या देवाचें गीत आलें. आणि काना येथील लग्नांत यजमानाची उणीव प्रथम तिच्याच ध्यानांत आली. तो देश आपणांस फार दूरचा वाटतो. पण त्याच शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत नोंद आहे कीं, तगर नगराचें कापड भडोचच्या बंदरीं जाऊन पश्चिमेकडे जात असे. हें तगर म्हणजे गोरोबाकाकांचें, आपल्याच जिल्ह्यांतील तेर!

पुढें हें नांव अरबी भाषेंत ‘मरियम’ झालें. कुराणाचा एकोणिसावा अध्याय त्याच नांवाचा आहे, आणि त्या ग्रंथांत नांवानें उल्लेखिलेली स्त्री ती एकटीच. आपल्या शेजारच्या मुसलमान घरीं कोणी ‘मरियम’ अशी हांक मारली तर ती आपलीच हांक समजा.

मराठी ओवींतही हें नांव आज आलेलें नाहीं. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या त्या ग्रंथांत देवमातेची कथा मराठींत गाइली गेली, त्यास चारशें वर्षें होऊन गेलीं. वांद्र्यास डोंगरावर तिची जत्रा भरते. मूर्ति कोळ्यांना समुद्रांत सांपडली अशी कथा सांगतात, आणि सर्व धर्मांचे लोक तिला ‘मोत माउली’ म्हणतात. ‘माउली’ हा शब्द पंढरीच्या वाटेवरचा. तो तिला आपल्या लोकांनींच दिला. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत स्नानसंस्कार घेतला, तेव्हां त्यांचें नांव ‘मेरी रामा’ ठेवण्यांत आलें. त्यांचा पंथ निराळा, तरी एवढें ध्यानांत घ्यावें कीं दोन नांवें एका जिवांत सुखानें नांदलीं; आणि ह्याच बाईंनीं पुढें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठींत आणलें.

शेवटीं आपल्या अंगणांतील गोष्ट. जानेवारी २०२० मध्यें ह्याच शहरीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन भरलें. अध्यक्षस्थानीं होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो; ‘सुबोध बायबल’ लिहिणारे एक कॅथलिक धर्मगुरु. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. त्या वेळीं शहराचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें. २०२३ पासून तें धाराशिव झालें. गांवांचीं नांवें राज्यकर्ते बदलतात. माणसाचें नांव मात्र आईच्या तोंडून लेंकीकडे जातें. तें टिकतें तें हांक मारणारें कोणी उरतें म्हणून.

तर त्या जोडप्याचें काय झालें? मीं त्यांची क्षमा मागितली. ख्रिस्तसभेचा कायदा संताचेंच नांव ठेवा असा हट्ट धरीत नाहीं. ख्रिस्ती भावनेस विसंगत नांव नसावें, एवढेंच सांगतो. हें मीं त्यांना समजावून दिलें आणि निर्णय त्यांच्यावर सोंपविला. आठ दिवसांनीं बाप एकटाच आला आणि म्हणाला, “वहींत मरिया लिहा. शाळेंत दुसरें लावूं. मोठी झाल्यावर कोणतें सांगायचें तें तिचें ती ठरवील.”

मीं तसें लिहिलें. ती मुलगी आज आपल्यांतच बसली आहे. तिनें कोणतें नांव सांगावें, ह्याविषयीं मी कांहीं बोलणार नाहीं. पण मोठ्या माणसांनो, तुम्हांस एक विनवणी आहे. तिनें आपलें खरें नांव निर्भयपणें सांगावें अशी शाळा, अशी कचेरी, असा शेजार तिला मिळावा ह्यासाठीं आपण आपल्या वागण्यानें झटूं या. पाणी मागावयास दारीं आलेल्यास जात विचारूं नये, नांव विचारून तोंड फिरवूं नये. तांब्याभर पाणी आधीं द्यावें. ज्या नांवाबरोबर विहीर चालत आली, त्या नांवाचा मान असाच राखला जातो.

ती पवित्र माउली आपल्या लेंकरांवर कृपादृष्टि ठेवो. आमेन.