एका जागेसाठी दोन डोंबिवलीकर

भारतीय क्रिकेट संघ जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याण लोकलच्या डब्यात त्यावर चर्चा रंगते. कोणाला घ्यायला हवे होते, कोणाला उगाच वगळले, यावर ठाणे येईपर्यंत कोणीच माघार घेत नाही. जानेवारी २०१८ मध्ये तर हा वाद डोंबिवलीच्या घरचाच होता.

अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, एस. व्ही. जोशी शाळेत शिकला. रोहित शर्मा बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे लहानाचा मोठा झाला, पण त्याचे आईवडील राहत होते डोंबिवलीत, एका खोलीच्या घरात. सुटीच्या दिवशी तो तिथे येई. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या केपटाऊन कसोटीत मधल्या फळीत जागा एकच उरली होती आणि दावेदार हे दोघे.

रोहितची बाजू भक्कम होती. नुकत्याच झालेल्या श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेत त्याने नागपूरला शतक ठोकले होते. त्याच मालिकेत अजिंक्यला पाच डावांत मिळून १७ धावा करता आल्या होत्या.

अजिंक्यची बाजू मात्र जुन्या धावफलकात होती. २०१३ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात स्टेन, मॉर्केल, फिलँडर या गोलंदाजांसमोर त्याने चार डावांत ४७, १५, नाबाद ५१ आणि ९६ अशा २०९ धावा केल्या होत्या. शिवाय तो संघाचा उपकर्णधार होता.

संघ व्यवस्थापनाने सध्याचा फॉर्म पाहिला आणि रोहितला खेळवले. केपटाऊनला त्याने ११ आणि १० धावा केल्या, सेंच्युरियनला १० आणि ४७. भारत दोन्ही सामने हरला. जोहान्सबर्गला अजिंक्य परतला. चेंडू अंगावर उसळत होता, खेळ थांबवावा लागेल अशी ती खेळपट्टी होती. तिथे दुसऱ्या डावात त्याने ४८ धावा काढल्या आणि भारताने ६३ धावांनी विजय मिळवला.

या वादाला आणखी एक पदर आहे. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हैदराबादला बांगलादेशविरुद्ध भारतीय संघाने नेमके उलट केले होते. करुण नायरने आधीच्या कसोटीत चेन्नईला नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. तरीही दुखापतीतून सावरलेल्या अजिंक्यसाठी त्याला बाहेर बसवले गेले. एका खेळीमुळे दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही, असा कर्णधार विराट कोहलीचा युक्तिवाद होता. अजिंक्यने त्या सामन्यात ८२ धावा केल्या.

म्हणजे हैदराबादला मागची कामगिरी मोठी ठरली आणि वर्षभरात केपटाऊनला ताजा फॉर्म. कोणताही एक निकष धरला असता तर त्याचा बचाव करता आला असता. निकषच बदलत गेला, तर बाहेर बसलेल्या खेळाडूने स्वतःत काय सुधारावे?

त्यातही केपटाऊनची निवड चुकलीच. नागपूरच्या धावा केपटाऊनच्या उसळीला पुरत नाहीत, आणि अजिंक्यच्या बारा कसोटी शतकांपैकी आठ परदेशात झाली आहेत.

रोहितवरही तेव्हा अन्यायच झाला. त्याची कसोटीतली खरी जागा सलामीला होती. ती त्याला ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि विशाखापट्टणमला त्याने दोन्ही डावांत शतके केली. त्याच महिन्यात रांचीला भारताची अवस्था ३ बाद ३९ असताना अजिंक्य त्याच्या साथीला आला. दोघांनी २६७ धावांची भागीदारी केली. रोहित २१२, अजिंक्य ११५. ज्यांच्यापैकी एकालाच निवडायचे म्हणून एवढी भांडणे झाली, ते दोघे एकाच संघात, एकाच वेळी, आपापल्या जागी शोभले.

श्रोते हो, पुढचा संघ जाहीर होईल तेव्हा वाद जरूर घाला. मात्र नुसती सरासरी पुढे करू नका. धावा कोणाविरुद्ध झाल्या, कुठल्या खेळपट्टीवर झाल्या, कितव्या क्रमांकावर झाल्या, हे आधी पाहा, आणि आपल्या आवडत्या खेळाडूला लावलेली फूटपट्टी त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही लावा.