क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि मोबाइलमधला डॉक्टर

आजच्या भागासाठी दोन प्रश्न घेतलेत. पहिला धुळ्याहून: "भाऊ, क्रिएटिन घेतलं तर किडनी जाते का?" दुसरा जळगावहून: "ब्लड रिपोर्ट एआयला दाखवला आणि त्याने सांगितलं ते खरं धरलं, तर चालेल का?" वरवर पाहिलं तर दोन वेगळे विषय आहेत. पण हे दोन्ही एकाच रिपोर्टवर येऊन भेटतात. कसे, ते बघू.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे कोणी काय घ्यावं ते मी सांगणार नाही. कोणता दावा कशावर उभा आहे, एवढंच सांगणार.

डब्यात नेमकं काय असतं

क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड नाही. आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतःच बनवतं, आणि मटण-मासे खाणाऱ्यांना थोडं जेवणातूनही मिळतं. भाकरी, डाळ, केळी यात ते नसतं. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा सहसा कमी असतो. १८३२ मध्ये शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते मांसातून वेगळं काढलं. पावडर खाल्ली की स्नायूंतला साठा वाढतो, हे १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

काम कसं करतं? स्नायूंचं इंधन म्हणजे एटीपी. जोर लावला की ते काही सेकंदांत संपत येतं. क्रिएटिनचा साठा ते पटकन परत भरून देतो. म्हणजे फायदा कुठे? थोड्या वेळाच्या, पूर्ण ताकदीच्या कामात. वजन उचलणं, छोटी स्प्रिंट, पुन्हा पुन्हा मारलेले सेट. यावर शेकडो प्रयोग झालेत आणि पुरावा चांगला आहे. सप्लिमेंटच्या बाजारात एवढा पुरावा असलेल्या वस्तू फार थोड्या आहेत.

आता आपल्याकडची गोष्ट घ्या. जिममध्ये येणारी निम्मी पोरं पोलिस भरतीची तयारी करत असतात. मुलांची मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. क्रिएटिनची मदत होण्यासारखी आहे ती १०० मीटर आणि गोळ्याला. १६०० मीटर हा दमाचा खेळ, तिथे पुरावा कमकुवत. उलट सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून ठेवलं जातं, वजन किलोभर वाढू शकतं, आणि ते वजन घेऊनच पळावं लागतं. ज्या इव्हेंटला सगळ्यात जास्त गुण, तिथेच फायदा सगळ्यात कमी. ही गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते, भो!

मात्रेबद्दल. रोज ३ ते ५ ग्रॅम, तीन-चार आठवड्यांत साठा भरतो. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घेतले तर साठा लवकर भरतो, एवढाच फरक. शेवटी दोघंही एकाच ठिकाणी पोचतात.

मग किडनीचं काय?

इथे दोन नावांचा घोळ आहे. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन. शरीरातलं क्रिएटिन रोज थोडं थोडं आपोआप क्रिएटिनिन बनतं. तो कचरा. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंदावली तर कचरा रक्तात साचतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन मोजून किडनीचा अंदाज बांधतात.

आता बघा. नळ नीट वाहतोय, पण टाकीत पाणीच जास्त ओतलं, तरी पातळी वर जाते. पावडर घेणाऱ्याचं, भरपूर स्नायू असणाऱ्याचं, आदल्या दिवशी जबर व्यायाम केलेल्याचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असूनही थोडं जास्त येऊ शकतं. निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगांत नेहमीच्या मात्रेने किडनीला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. पण 'निरोगी' हा शब्द विसरू नका. ज्याला आधीच किडनीचा त्रास, बीपी किंवा शुगर आहे, त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देतो. वय २३, भरतीची तयारी, सहा महिने क्रिएटिन चालू. सहज म्हणून फुल बॉडी चेकअप केलं. क्रिएटिनिन १.५ आलं. खाली ईजीएफआर म्हणून आकडा होता, ६७. त्याने रिपोर्टचा फोटो एका एआय ॲपला दिला. उत्तर आलं: क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज दोन. मावशीने त्या रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून याची डाळ बंद, मैदान बंद. भरतीचा फॉर्म भरायचा की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली.

ॲपने आकडा चुकीचा वाचला नव्हता. ६७ हा आकडा एका सूत्रातून येतो. त्या सूत्रात तीनच गोष्टी टाकतात: क्रिएटिनिन, वय, आणि पुरुष की स्त्री. पावडर, स्नायू, कालचा लेग डे, यातलं काही त्यात नाही. शिवाय क्रॉनिक म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला लागतो. आणि ईजीएफआर ६० च्या वर असेल तर लघवीत प्रोटीन जाण्यासारखी दुसरी काही खूण असावी लागते. एका रिपोर्टच्या फोटोवरून हे ठरतच नाही.

मी त्याला त्याच चॅटमध्ये एक ओळ टाकायला लावली: "मी रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेतो आणि टेस्टच्या आदल्या दिवशी स्क्वॉट मारले होते." उत्तर पूर्ण बदललं. आता तेच ॲप सांगत होतं, घाबरू नका, पावडर थांबवून पुन्हा तपासा. मग आम्ही धुळ्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट हातात घेण्याआधीच विचारलं, "जिमला जातोस? डब्यातलं काय काय खातोस? घरात कोणाला किडनीचा आजार?" बीपी बघितलं, लघवी तपासायला सांगितली, पावडर बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. दुसऱ्यांदा क्रिएटिनिन १.१ आलं, लघवी स्वच्छ. विषय मिटला.

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. ॲपला माहिती तिथेही होती, पण सांगितल्यावर. न सांगितलेली गोष्ट आधी विचारायची, हे डॉक्टरांचं निम्मं काम आहे.

आणि याची दुसरी बाजूही आहे. उद्या एखाद्याची किडनी खरंच बिघडलेली असेल आणि तो एआयला म्हणाला, "मी क्रिएटिन घेतो, त्यामुळेच वाढलंय ना?" तर "हो, शक्य आहे" असं गोड उत्तर मिळेल आणि तो वर्षभर घरी बसेल. ही चूक पहिल्यापेक्षा महागात पडते.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक केस छापली. साठीच्या एका माणसाने चॅटजीपीटीला विचारून जेवणातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली होती. तीन महिन्यांनी ब्रोमाइडची विषबाधा होऊन तो भ्रमाच्या अवस्थेत हॉस्पिटलमध्ये. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड हे रसायनाच्या पुस्तकात बरोबर असेल, ताटात नाही.

मग एआय वाईटच का?

अजिबात नाही. टीबीचं उदाहरण घ्या. छातीचा एक्स-रे वाचणारे प्रोग्रॅम आहेत, त्यातला एक आपल्या मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचा. ढाक्यात जवळपास २४ हजार लोकांच्या एक्स-रेवर असे पाच प्रोग्रॅम तपासले. त्यांची तुलना रेडिओलॉजिस्टशी केली, आणि खरं-खोटं ठरवायला प्रत्येकाची थुंकीची तपासणी होती. पाचही प्रोग्रॅम सरस ठरले. तो अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये आला. त्याच वर्षी डब्ल्यूएचओने १५ वर्षांवरच्या लोकांच्या स्क्रीनिंगसाठी असे प्रोग्रॅम वापरायला मान्यता दिली. पण स्क्रीनिंगसाठीच. मशीनने संशय घेतला की थुंकीची तपासणी करूनच टीबी ठरतो.

दुसरं उदाहरण डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या इजेचं. गुगलने भारतातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांसोबत काम करून २०१६ मध्ये जोरदार निकाल छापले. नंतर ते थायलंडच्या साध्या दवाखान्यांत नेलं. तिथे १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो मशीनने नाकारले. खोलीत अंधार पुरेसा नाही, फोटो धूसर, नेट स्लो. प्रोग्रॅम तोच, दवाखाना बदलला. चोपडा, शिरपूर, साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या अशी मशीन आली, तर हे सगळे प्रश्न तिथेही येतील.

म्हणून एआय असो की पावडर, मी तीन प्रश्न विचारतो. कोणावर तपासलं? कशाशी तुलना केली? आणि शेवटी मोजलं काय?

तिसरा प्रश्न केसांना लावून बघा. "क्रिएटिनने टक्कल पडतं" ही गोष्ट २००९ च्या एका छोट्या अभ्यासातून आली. रग्बी खेळणाऱ्या २० तरुणांत डीएचटी हार्मोन वाढलेलं दिसलं. त्यात केस कोणी मोजलेच नव्हते!

डबा खरा आहे का

अभ्यास शुद्ध पदार्थावर होतात, आपण विकत घेतो डबा. २०२४ मध्ये केरळचे डॉ. सिरिअॅक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात मिळणारी ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासली. सुमारे ७० टक्क्यांत लेबलवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. ही प्रोटीन पावडरची गोष्ट आहे, क्रिएटिनची नाही, पण बाजार तोच आहे. त्यामुळे सुटी पावडर पुडीत घेऊ नका. १४ अंकी एफएसएसएआय नंबर आणि बॅच नंबर बघा. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरतं. दहा गोष्टी मिसळलेल्या डब्यात काय किती आहे ते कळत नाही.

आणि जिममध्ये कोणी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन देत असेल तर सरळ बाहेर पडा. ते ऑपरेशनच्या वेळी घसरलेलं बीपी वाढवायचं औषध आहे. ते सप्लिमेंट नाही, आणि हृदयाशी खेळ आहे.

आता करायचं काय

क्रिएटिन सुरू करायचं असेल तर आधी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते. कोणत्याही रक्ततपासणीआधी दोन दिवस जोरदार व्यायाम टाळा. डॉक्टरांना न लाजता सांगा, मी अमुक पावडर घेतो. आकडा वर आलाच, तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. ती करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पाय सुजणं, लघवीला फेस, लघवी कमी होणं, यातलं काही असेल तर पावडरवर खापर फोडून घरी बसू नका.

एआय वापरा, खुशाल वापरा. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ मराठीत समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला ते फार कामाचं आहे. फक्त त्याला विचारताना शेवटी एक वाक्य घाला: "उत्तर देण्याआधी तुला माझ्याबद्दल काय काय माहिती हवी, ते विचार." आणि आजाराचं नाव त्याच्याकडून घेऊ नका.

पुढच्या भागात प्रोटीन: रोज किती लागतं, आणि तूरडाळ, शेंगदाणे, दुधातून ते भागतं का, याचा हिशोब मांडू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. अहिराणीत पाठवलीत तरी चालेल. काळजी घ्या, भेटू.