दुसऱ्याने सुचविलेले गाणे



“ही तबकडी ऐकाच,” असे कुणी सांगितले की आपण कामे करता करता एकदा ऐकतो आणि “छान आहे” म्हणून मोकळ्या होतो. अशा भिडेच्या अभिप्रायाने ना गाणारीचा मान राहतो, ना सांगणारीचा.

केसरबाई केरकरांचेच घ्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढेच मावे. तिथे संथ बढत शोधू नये. थोडक्या जागेत राग कसा उभा राहिला, हे पाहावे. लाँगप्लेच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मिळत. तिथे विस्ताराची अपेक्षा रास्त.

आता गाणी फोनवर येतात, पण रीत तीच. हातचे काम ठेवून दोनतीनदा ऐकावे. मन कुठे रमले, कुठे रमले नाही, हे मोकळेपणी सांगावे. शेजारीण रुसणार नाही. पुढच्या खेपेस आपली आवड ओळखून सुचवील. खोट्या “छान”ने मात्र तिला आपली ओळख कधीच पटायची नाही.