डॉक्टर होऊ पाहणाऱ्या लेकरासोबत चालताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'आदिवासी मुलांचे उच्च शिक्षण' हा विषय दिला आहे. विषय मोठा आणि वेळ वीस मिनिटांची, म्हणून त्यातला एकच भाग घेते. दहावी झालेले एखादे लेकरू म्हणते, "ताई, मला डॉक्टर व्हायचंय." त्या दिवसापासून मेडिकल कॉलेजच्या दारापर्यंत त्याच्यासोबत कोणी आणि कसे चालायचे, एवढेच बोलणार आहे.

असे लेकरू समोर आले की आपल्या मंडळीतले लोक पहिला प्रश्न विचारतात, "क्लासची फी किती?" प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो आणि फीची गरज असतेच. पण नंदुरबारकडच्या पाड्यांवर काम करताना मी पाहिले आहे की फी भरली, अभ्यास झाला, गुणही पडले, तरी मुले अडकतात. ती अडकतात कागदाशी आणि तारखेशी. आईवडिलांना या व्यवहाराची माहिती नसते, शिक्षकांकडे पन्नास मुले असतात, आणि सतरा वर्षांच्या मुलाने हे एकट्याने निभवावे अशी आपण अपेक्षा करतो. शहरातल्या मुलाचा बाप रजा टाकून तहसील कार्यालयात रांगेत उभा राहतो. आपल्या लेकरासाठी ती रजा कोण टाकणार?

आता वाट कशी आहे ते सांगते. मेडिकलसाठी देशभर एकच परीक्षा आहे, नीट. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवे. बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जमातीला ४० टक्के लागतात. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, ८५ टक्के आपल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. राज्याच्या जागांत अनुसूचित जमातीला ७ टक्के आरक्षण आहे, देशपातळीवर साडेसात टक्के.

पात्र ठरणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा. २०२५ साली अनुसूचित जमातीसाठी पात्रतेची खालची रेषा ११३ गुणांवर होती. तेवढ्या गुणांवर सरकारी कॉलेजची जागा मिळत नाही. "आमची पोर नीट पास झाली" म्हणून गावात पेढे वाटले जातात आणि ऑगस्टमध्ये घर गप्प होते. तसे होऊ नये.

आता कागदांकडे येते. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही. प्रांतसाहेबांनी दिलेला दाखला तपासणी समितीकडून वैध ठरवून घ्यावा लागतो. त्याला आपण सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतो. समिती वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचे जुने पुरावे पाहते. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे, म्हणून त्याआधीच्या कागदाला सर्वांत जास्त वजन असते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल असे कागद चालतात. काका किंवा चुलतभाऊ यांच्याकडे आधीच व्हॅलिडिटी असेल तर काम पुष्कळ सोपे होते. नसेल तर दक्षता पथकाची चौकशी लागू शकते, आणि त्यात महिने जातात.

अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की कॉलेजमार्फत हा अर्ज करता येतो. तो अकरावीतच करा. बारावीनंतर केला तर प्रवेशाच्या फेऱ्या त्या कागदासाठी थांबत नाहीत.

आमच्या भागातल्या एका मुलाचे सांगते. गुण चांगले होते. राज्याच्या यादीत त्याला सरकारी कॉलेज मिळेल असे दिसत होते. अर्ज बारावीनंतर केलेला, आणि आजोबा कधी शाळेतच गेले नव्हते, त्यामुळे जुना कागद मिळेना. फेऱ्या संपल्या, जागा गेली. पुढे चार महिन्यांनी कळले की त्याचे चुलत आजोबा, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, १९४० च्या दशकात मिशनच्या शाळेत दोन वर्षे शिकले होते. ते रजिस्टर शाळेच्या जुन्या कपाटात होते. अर्धे वाळवीने खाल्लेले, पण त्यांचे नाव आणि जमात असलेले पान शाबूत. उतारा मिळाला आणि व्हॅलिडिटी झाली. मुलगा पुढच्या वर्षी परत नीटला बसला. त्या वर्षी गुण कमी पडले. आज तो आयुर्वेदाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मन लावून शिकतो आहे. पण ते पान एक वर्ष आधी सापडले असते तर काय झाले असते, हे त्याची आई मला अजून विचारते.

बंधुभगिनींनो, हे रजिस्टर आपल्याच कपाटात होते. आपल्या पूर्वजांनी आणि मिशनऱ्यांनी डोंगरात शाळा काढल्या आणि मुलांची नावे लिहून ठेवली. आज त्या ओळी कुणाच्या तरी नातवंडाच्या कामी येतात. म्हणून ज्या मंडळ्यांच्या ताब्यात जुन्या शाळा आहेत त्यांना माझी विनंती आहे. या महिन्यात कपाटे उघडा. रजिस्टरे ऊन दाखवून, कापडात बांधून, उंचावर ठेवा. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. गावातले कोणी उतारा मागायला आले तर मुख्याध्यापकांनी त्याला परत पाठवू नये.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणखी दोन गोष्टी. पहिली, अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीच्या बाबतीत ती आहे, म्हणून लोकांचा गोंधळ होतो आणि कोणीतरी सांगते, "तुम्ही ख्रिस्ती झालात, आता सवलत नाही." भिल्ल, मावची, पावरा कुटुंब ख्रिस्ती झाले तरी त्यांची जमात बदलत नाही. मात्र शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात जमातच लिहिली पाहिजे. तिथे 'ख्रिश्चन' असा शब्द पडला की पुढे वीस वर्षांनी तो आडवा येतो. दुसरी गोष्ट नावाची. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे, आधारवर तिसरे असे आपल्याकडे फार होते. वडील मंडळीत पौलस आणि सातबाऱ्यावर वेगळेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच सगळीकडे करून घ्या, आणि नीटचा अर्ज भरण्याआधी करून घ्या.

अर्जाबद्दल एक लहान पण महत्त्वाची सूचना. पाड्यावर रेंज नसते, म्हणून मुले तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत फॉर्म भरतात आणि मालक स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. दोन महिन्यांनी ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि त्याचे दुकान बंद असते. नंबर मुलाचा किंवा त्याच्यासोबत चालणाऱ्या माणसाचा असावा, आणि पासवर्ड वहीत लिहिलेला असावा.

अभ्यासाबद्दल मी शिक्षिका नाही म्हणून थोडेच बोलते. आपली मुले घरी पावरी किंवा मावची बोलतात, शाळेत मराठीत शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजीत येतात. म्हणजे हुशारी तीच, पण भाषा तिसरी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि सोबत इंग्रजी असते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून दहावीच्या सुट्टीतच जीवशास्त्राचे शब्द दोन्ही भाषांत लिहून काढायची सवय लावा. निवृत्त शिक्षक असतील त्यांनी आठवड्यातून एक तास फोनवर हे करून घेतले तरी खूप फरक पडतो.

मग परीक्षेचा दिवस. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला होती. दीड वाजता दार बंद होते. धडगावच्या वरच्या पाड्यावरून निघालेली मुलगी त्याच दिवशी वेळेवर पोहोचेल याची खात्री नाही. तिला आदल्या रात्री केंद्राच्या गावात एक खोली, गरम जेवण आणि सकाळी सोबत जाणारे माणूस हवे. अंगावर धातूचे दागिने चालत नाहीत, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट टाळायचे असतात. चांदीचे कडे दारात काढायला सांगितले की मुलगी घाबरते. तुमच्यातल्या एखाद्या मावशीने ते आदल्या रात्रीच प्रेमाने काढून पिशवीत ठेवले तर ती शांत मनाने आत जाईल. त्या रविवारी उपासनेला तुम्ही आला नाहीत तर पाळकसाहेब समजून घेतील असे मला वाटते.

प्रवेशानंतरच्या फीची काळजी घरच्यांना फार असते. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची स्वयम् योजना आहे. त्यात राहण्याजेवण्याचे पैसे मुलाच्या खात्यावर येतात. पैसे उशिरा येतात, हे खरे. पहिले तीन-चार महिने आपण सांभाळले तर पुढे मूल उभे राहते. संस्थेकडे येणाऱ्या देणग्यांचा चांगला उपयोग इथे होतो. २०२० साली नंदुरबारला आणि २०२४ साली गडचिरोलीला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले, म्हणजे घरापासून फार दूर न जाताही शिकता येते.

आणि एक गोष्ट प्रार्थनापूर्वक तपासायची. डॉक्टर होण्याची इच्छा त्या लेकराची आहे की आपली? वसतिगृहातून पहिला डॉक्टर निघावा असे आपल्याला वाटते. तो भार मुलावर टाकू नका. यश आले नाही तर नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, प्रयोगशाळेचे काम या सगळ्या वाटा सन्मानाच्या आहेत, हे निकालाआधीच त्याच्या कानावर पडले पाहिजे. निकालानंतर सांगितले तर ते सांत्वन वाटते. निकालाच्या दिवशी मूल एकटे राहू नये. त्याला फोन करा, आणि शक्य असेल तर जाऊन भेटा.

माझे मागणे असे आहे. एका लेकरासाठी एक मोठे माणूस, अकरावीपासून प्रवेशापर्यंत, दोन वर्षे. आपल्या मंडळ्यांत निवृत्त तलाठी आहेत, बँकेतले लोक आहेत, वकील आहेत, परिचारिका आहेत, संगणक जाणणारी तरुण संघाची मुले आहेत. तुम्हाला जे येते तेवढेच द्यायचे आहे. महिन्यातून एक शनिवार आणि हातात दाखल्यांची एक पिशवी, एवढे काम आहे.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, फोन नंबर आणि कोणते काम जमेल ते लिहा. सध्या आपल्या वसतिगृहात अकरावी सायन्सची सात मुले आहेत. चौघांचे व्हॅलिडिटीचे अर्ज अजून भरायचे आहेत. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.