घाबरण्यावर उपचार असतात
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्र आणि आपल्या मुलांचं भवितव्य' यावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर तुम्हाला रोज चार व्हिडिओ येतात, मला दुसरं काही बोलू द्या. आपल्या ग्रुपवर शुगर, बीपी, गुडघे यांची चर्चा अगदी मोकळेपणाने चालते. पण 'छातीत धडधडतं, लिफ्टमध्ये शिरायची भीती वाटते' असं तिथे कुणी लिहीत नाही. ते रात्री अकरानंतर एकट्याला मेसेज करून विचारलं जातं, आणि शेवटी 'कुणाला सांगू नकोस' असतं. म्हणून आज हा विषय.

मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअर आहे आणि चिंताविकाराची रुग्ण होते. उपचार आतून कसे चालतात, तेवढंच सांगते.

पाच वर्षांपूर्वी पुण्याहून मुंबईला गाडी चालवत जाताना कामशेतच्या बोगद्यात मला पहिला पॅनिक अटॅक आला. हृदय धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. हा हार्ट अटॅकच, अशी खात्री झाली. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं. आमच्या फिजिशियननी 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. या त्यांच्या निर्णयाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

भीती हा काही आजार नाही. दहावीच्या गणिताच्या पेपरआधी आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा यायचा. पण भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी होते, महिनोन् महिने टिकते आणि रोजचं आयुष्य आखडत नेते, तेव्हा तो विकार होतो. माझं तसंच झालं. आधी एक्स्प्रेस-वे सुटला, मग गाडी चालवणं, मग लिफ्ट, मग दार बंद असलेली मीटिंग रूम.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली पॅनिकची जी मांडणी केली, ती मला पहिल्याच भेटीत कागदावर काढून दाखवली गेली. शरीरात एखादी साधी संवेदना होते, समजा धडधड. मन तिचा अर्थ 'मी आता मरणार' असा लावतं. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हा मनाला पुरावा वाटतो. आमच्या भाषेत हा इन्फिनिट लूप. यातून बाहेर पडायला आपण ती जागाच टाळतो. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि मेंदू शिकतो की टाळलं म्हणूनच वाचलो. खरं तर अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. पण आधीच पळ काढणाऱ्याला हे कधी कळतच नाही.

म्हणून उपचाराचा गाभा म्हणजे पायरीपायरीने सामोरं जाणं. ही कल्पना जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती अशीच घालवली. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दर वेळी थोडा जवळ आणायचा. मला माझी शिडी करायला सांगितली. पहिली पायरी : पार्किंगमध्ये गाडी सुरू करून बसणं. मग सोसायटीभोवती फेरी, मग उर्से टोलनाका, मग नवरा शेजारी असताना बोगदा, आणि शेवटी एकटीने. प्रत्येक पायरीवर भीती किती, ते शंभरपैकी आकड्यात लिहायचं. शिवाय क्लिनिकमध्येच जागेवर धावून मुद्दाम धडधड आणायची आणि काही होत नाही हे अनुभवायचं. हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचं असतं. घाबरणाऱ्याला एकदम खोल पाण्यात ढकलणं म्हणजे उपचार नव्हे.

दुसरा भाग विचारांचा. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ही दिशा दाखवली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. 'मला घाबरायला झालं नाही तर बरं' आणि 'मला घाबरायला होताच कामा नये' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यातच बराचसा आजार बसलेला असतो.

आता औषधं. डोकं बधिर होईल, सवय लागेल, ही भीती सगळ्यांना असते. दोन प्रकार वेगळे ओळखा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तासाभरात शांत करतात, पण त्यांची खरोखर सवय लागू शकते. म्हणून शेजारणीने दिली, दुकानातून आणली, असं कधीही करू नका. एसएसआरआय गटातल्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. मी त्या सव्वा वर्ष घेतल्या. कोड लिहिणं एक दिवसही थांबलं नाही.

एक गोष्ट घरच्यांसाठी. माझा नवरा मला सगळीकडे सोडायला यायचा, 'काही होणार नाही' असं दिवसातून वीसदा सांगायचा. थेरपिस्टनी त्यालाही बोलावलं आणि ही मदत हळूहळू कमी करायला सांगितली. प्रेमाने दिलेला आधारही टाळाटाळीला खतपाणी घालतो, हे ऐकून त्याला वाईट वाटलं. पण पुढे उपयोग झाला तो त्याचाच. तुमच्यापैकी कुणाचं मूल पोटात दुखतं म्हणून रोज शाळा चुकवत असेल, तर हे लक्षात ठेवा. रागावू नका, पण घरी ठेवून घेणं हाच उपाय मानू नका.

थोडं व्यवहाराचं. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण २१ पैकी. १० किंवा अधिक आले तर डॉक्टरांना भेटा. ते निदान नव्हे, ताप मोजण्यासारखं आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. आपली पॉलिसी काढून वाचा.

आज मी पूर्ण निर्भय झाले आहे का? नाही. अजूनही कधी धडधडतं. फरक इतकाच की आता ती धडधड आहे, मरण नाही. मी गाडी बाजूला घेत नाही, पुढे जाते.

या सभागृहात आत्ता कुणीतरी दाराजवळची खुर्ची मुद्दाम निवडून बसलं असेल. त्या मित्राला किंवा मैत्रिणीला माझं सांगणं एवढंच : तुला वेड लागलेलं नाही, तू भित्राही नाहीस. या आजाराला नाव आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जेवणाच्या वेळी मी इथेच आहे. माझ्याशी बोल, सगळ्यांसमोर बोललास तरी चालेल. इतकी वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लंय आपण, एवढं तर ऐकून घेऊच.