उसनी मागणी आणि टीव्हीचे कारखाने
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण डिजिटल झालं की घरोघरचे जुने संच निकामी होतील, लोक नवे संच घेतील आणि पडदे बनवणाऱ्या कारखान्यांची चांदी होईल, असा हिशेब अनेक देशांत मांडला गेला. तो कितपत खरा ठरला, हे समजून घ्यायचं तर जपानचं उदाहरण पाहायला हवं.

आधी एक साधी तांत्रिक गोष्ट. टीव्ही संचात दोन मुख्य भाग असतात. एक, हवेतून किंवा केबलमधून आलेला संकेत पकडणारा ट्यूनर. दुसरा, चित्र दाखवणारा पडदा. प्रक्षेपण बदललं की निरुपयोगी होतो तो ट्यूनर. पडदा ठणठणीतच असतो. बाहेरून एक छोटी पेटी जोडली की जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचावरही डिजिटल कार्यक्रम दिसतात. म्हणजे नवा पडदा घेण्याची सक्ती कुणावरच नव्हती. जपान सरकारनं तर गरजू कुटुंबांना अशी पेटी मोफत दिली.

तरीही लोकांनी पडदे बदलले. जुना संच चारास तीन या प्रमाणाचा, तर डिजिटल चित्र सोळास नऊचं. जुन्या संचावर ते पाहताना वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि चित्रातला बारकावाही हरवतो. त्यात जपानी घरं लहान. खोलीचा कोपरा अडवणाऱ्या अवजड खोक्याऐवजी भिंतीलगत मावणारा चपटा पडदा कुणाला नको असेल?

जपानमध्ये जमिनीवरून होणारं डिजिटल प्रक्षेपण १ डिसेंबर २००३ रोजी टोकियो, ओसाका आणि नागोया या भागांत सुरू झालं. जुनं प्रक्षेपण बंद करण्याची तारीख ठरली २४ जुलै २०११. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या भूकंपामुळे इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना मार्च २०१२ पर्यंत सवलत मिळाली. बाकी देशानं तारीख पाळली.

मधल्या काळात जागतिक मंदी आली. बाजाराला उठाव देण्यासाठी सरकारनं मे २००९ पासून इको पॉइंट योजना आणली. कमी वीज खाणारा टीव्ही, फ्रिज किंवा एअर कंडिशनर घेतला की गुण मिळायचे आणि त्या गुणांवर वस्तू किंवा खरेदीची कुपनं घेता यायची. एकीकडे बंद होण्याची तारीख, दुसरीकडे बक्षीस. दुकानांत झुंबड उडाली. २०१० या एका वर्षात जपानमध्ये सुमारे अडीच कोटी चपटे टीव्ही बाजारात गेले. त्या देशात कुटुंबं साधारण पाच कोटी. म्हणजे दर दोन घरांमागे एक नवा संच!

आता विचार करा, टीव्ही ही काही दरवर्षी घ्यायची वस्तू नाही. जो संच लोकांनी २०१२ किंवा २०१४ मध्ये घेतला असता, तोच त्यांनी २०१० मध्ये घेतला. ही मागणी वाढलेली नव्हती, पुढच्या वर्षांकडून उसनी आणलेली होती. ती फेडण्याची वेळ लगेच आली. २०१२ मध्ये हा आकडा सुमारे ६५ लाखांवर घसरला.

याची झळ कारखान्यांना कशी बसली, हे शार्प कंपनीकडे पाहिलं की कळतं. शार्पच्या कामेयामा इथल्या कारखान्यातले टीव्ही ‘कामेयामा मॉडेल’ म्हणून मिरवले जात, इतकं त्या गावाचं नाव झालं होतं. २००९ मध्ये कंपनीनं ओसाकाजवळ साकाई इथे आणखी प्रचंड कारखाना सुरू केला. तिथली एकेक काच जवळपास तीन मीटर लांब-रुंद. एका काचेतून साठ इंची आठ पडदे निघत. काच आणि रंगगाळण्या पुरवणारे कारखानेही त्याच आवारात. असा कारखाना भरभरून चालला तरच परवडतो. गिऱ्हाईक आटलं म्हणून घसारा आणि व्याज थांबत नाही.

सगळा दोष त्या तारखेचा, असं मात्र म्हणता येणार नाही. येन महागला होता, कोरिया आणि तैवानचे कारखाने स्वस्तात पडदे देत होते. पण घरच्या बाजाराचा आधार नेमका त्याच वेळी सुटला. मार्च २०१२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात शार्पला सुमारे ३७,६०० कोटी येनचा तोटा झाला. त्या वर्षी सोनी आणि पॅनासोनिकचा तोटा त्याहूनही मोठा होता. पॅनासोनिकनं २०१३ अखेर प्लाझ्मा पडद्यांचं उत्पादन थांबवलं. शार्पमधून २०१२ मध्ये सुमारे तीन हजार आणि २०१५ मध्ये पुन्हा तीन हजारांवर लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉननं कंपनी ताब्यात घेतली. साकाईतलं टीव्ही पडद्यांचं उत्पादन ऑगस्ट २०२४ मध्ये थांबलं.

आपल्याकडचा अनुभव निराळा. केबलचं डिजिटायझेशन २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झालं आणि चार टप्प्यांत, २०१७ पर्यंत चाललं. इथे बहुतेकांनी सेट टॉप बॉक्स घेतला, पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची वायर जुन्या संचाला जोडली आणि मालिका पुढे चालू! नवा पडदा ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, सवडीने घेतला.

सरकारी तारीख आणि सवलत यांनी दुकानात गर्दी होते, हे खरं. पण त्या गर्दीतले किती लोक एरवीही येणारच होते, हे आधी मोजायला हवं. आज सौर पंपापासून विजेवरच्या दुचाकीपर्यंत अनेक वस्तूंना सरकारी अनुदान मिळतं. त्या बनवणाऱ्या उद्योजकानं नवा कारखाना टाकण्यापूर्वी साकाईची ही हकिगत जरूर वाचावी. अनुदान संपल्यानंतरच्या वर्षी किती माल खपेल, हा आकडा ज्याच्या वहीत आहे, त्याच्या कामगारांच्या नोकऱ्या टिकण्याची शक्यता अधिक.